साखाल्वाशोच्या टेकडीवरची मोजदाद

३० ऑगस्ट, बातुमी

नकाशात काळ्या समुद्राचा आग्नेय कोपरा पाहिला की शिकारी पक्षी इथूनच का जातात ते लगेच कळतं. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला लेसर कॉकेससचे डोंगर आणि मध्ये जॉर्जियाच्या अजारा प्रांताची अरुंद किनारपट्टी. रशियाच्या जंगलांत उन्हाळा काढलेले गरुड, घारी, भोवत्ये (हॅरियर) ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत दक्षिणेला निघतात. एवढ्या रुंद पंखांनी हजारो किलोमीटर फडफडत जाणं त्यांना झेपणारं नसतं. जमीन तापली की हवा वर उठते, त्या थर्मलमध्ये घिरट्या घेत चढायचं, उंची मिळाली की पंख ताठ पसरून पुढच्या थर्मलपर्यंत घसरत जायचं, अशी त्यांची चाल. समुद्रावर तशी हवा उठत नाही. उंच डोंगरांवर ढग आणि पाऊस बसलेला असतो. उरते ती ही पट्टी.

या पट्टीवर २००८ पासून ‘बातुमी रॅप्टर काउंट’ ही संस्था दर शरदात मोजणी करते. मोजणारे स्वयंसेवक असतात, बहुतेक युरोपातले, बहुतेक विशी-तिशीतले. हंगामाची बेरीज दहा लाखांच्या वर जाते. हा आकडा मी बऱ्याच ठिकाणी वाचला होता आणि प्रत्येक वेळी मनात एकच प्रश्न यायचा, की मोजला कसा? जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणनेसाठी मी नांदूरमध्यमेश्वरला उभी असते. तिथं बदकं पाण्यावर बसलेली असतात. शंका आली तर दुर्बीण मागे नेऊन पुन्हा मोजता येतं. उडत जाणारा पक्षी एकदाच समोरून जातो. तो चुकला की चुकला.

तिबिलिसीहून बातुमीला रेल्वेने साधारण पाच तास लागतात. सोबत धाकटी बहीण. तिला पक्ष्यांपेक्षा डोंगर जास्त आवडतात, पण ताई एकटी कुठे जाणार म्हणून आली. स्टेशनावरून टॅक्सीने वर, साखाल्वाशो गावात. इथं हॉटेल नाही. मोजणारेही गावातल्या घरांतच राहतात आणि पाहायला येणारेही. आम्ही उतरलो त्या घरी अंगणात द्राक्षाचा मांडव, मागे हेझलनटची झाडं. आजींना इंग्रजी येत नव्हतं, आम्हाला जॉर्जियन. जेवणात घेवड्याच्या दाण्यांची लोबिओ, मक्याची भाकरी, खारं चीज. ताटात तिसऱ्यांदा भाकरी पडली तेव्हा ‘पुरे’ म्हणायला कुठलीच भाषा उपयोगी पडत नाही हे दोघींना कळलं.

३१ ऑगस्ट, साखाल्वाशो

मोजणीचं ठाणं घरापासून चढणीवर. समुद्रसपाटीपासून सुमारे तीनशे मीटर उंचीची टेकडी, वर छप्पर घातलेला लाकडी मंच, स्कोपच्या, म्हणजे लांबचं दाखवणाऱ्या एकनळी दुर्बिणींच्या, तिकाटण्यांची रांग. डावीकडे समुद्र, उजवीकडे एकामागे एक चढत गेलेल्या हिरव्या रांगा, समोर उत्तर. सगळ्यांची तोंडं उत्तरेला, कारण पक्षी तिकडूनच येतात.

संयोजक मुलगी नेदरलँड्सची होती. तिनं आधी सांगितलं ते हे, की इथं थवा दिसला म्हणून कुणी मोजत नाही. या ठाण्यापासून पूर्वेला डोंगरात शुआम्ता नावाचं दुसरं ठाणं आहे. दोन्ही ठाण्यांवरून पूर्व-पश्चिम एक मनातली रेषा धरलेली. पक्षी उत्तरेकडून येऊन ही रेषा ओलांडून दक्षिणेला गेला की तो मोजायचा. तोपर्यंत तो आकाशात असला तरी वहीत नाही. समोर घिरट्या घालून परत उत्तरेला गेला, तर शून्य. खाली रानात उतरून बसला, तरी शून्य. उद्या उठून रेषा ओलांडेल तेव्हा उद्याच्या खात्यात.

ऐकायला हे रूक्ष वाटेल. पण सगळी इमारत याच नियमावर उभी आहे. रेषा नसेल तर एकच घार सकाळी एकाला, दुपारी दुसऱ्याला दिसते आणि दोनदा लिहिली जाते.

रेषेवर अंतराचे पट्टे पाडलेले. डोक्यावरून गेला तर एक खूण, पूर्वेला जवळून, मधून, लांबून तर तीन वेगळ्या खुणा, पश्चिमेला तशाच तीन. नोंद टॅबलेटवर, ट्रेकटेलन या डच प्रणालीत. वेळ आपोआप पडते. जात, संख्या, पट्टा, दिशा, जमल्यास वय आणि नर-मादी. प्रत्येक तासाला हवा, ढग, दृष्टीचा पल्ला हेही भरायचं. हा शेवटचा भाग आम्ही घरच्या गणनांत नेहमी घाईने उरकतो. धुक्याच्या सकाळी दीडशे चक्रवाक दिसले आणि स्वच्छ सकाळी तीनशे, तर चक्रवाक वाढले असं म्हणता येत नाही. पण धुकं होतं हे लिहिलंच नसेल, तर दहा वर्षांनी वही उघडणारा तेच म्हणणार.

दोन ठाण्यांमध्ये वॉकीटॉकी. मधल्या दरीवरून जाणारा थवा दोन्हीकडून दिसतो. शुआम्ताचा आवाज येतो, “तुमच्या पूर्वेला, आमच्या पश्चिमेला, मोठी ओळ, आम्ही घेतोय.” इकडून उत्तर, “घ्या.” कुणी घ्यायची हे ठरेपर्यंत ओळ रेषेवर येते, म्हणून बोलणं दोन-तीन शब्दांत संपतं. तरीही शंका उरलीच तर नोंदीवर दुबार असल्याची खूण करतात आणि संध्याकाळी दोन्ही ठाण्यांच्या नोंदी शेजारी ठेवून ती सोडवतात.

प्रत्येकाच्या हातात क्लिकर. नामजपासाठी आपल्याकडे मुठीत धरायचं यंत्र मिळतं, अंगठ्याने दाबलं की आकडा एकाने पुढे जातो, तेच हे. काहींच्या दोन्ही हातांत एकेक. डावा एका जातीचा, उजवा दुसऱ्या. डोळा दुर्बिणीतून काढायचा नाही, आकड्याकडे बघायचं नाही.

आज वारा उत्तरेचा, आकाश निरभ्र. मला वाटलं, उत्तम दिवस. मोजणाऱ्यांचे चेहरे मात्र लांब. कारण दुपारी कळलं. ऊन तापलं तसे पक्षी इतके वर गेले की निळ्या आकाशात नुसत्या डोळ्यांना काहीच दिसेना. मागे ढग असला तर ठिपका दिसतो, निळ्यावर तो विरघळतो. मग दुर्बिणीने आकाश पट्ट्यापट्ट्याने विंचरत राहायचं. माझी मान तासाभरात आखडली. ते लोक उजाडल्यापासून संध्याकाळपर्यंत, दोन महिने, पाळ्या लावून हे करतात.

मोहोळघारी अधूनमधून जात होत्या, पन्नास, ऐंशी, वीस. युरोपीय मोहोळघार आपल्या मोहोळघारीची जवळची बहीण. गांधीलमाशांची पोळी उकरून अळ्या खाणारी, तोंडावर डंख लागू नये म्हणून खवल्यांसारखी दाट पिसं असलेली. रंगावर जाऊ नये, एक पांढरट तर दुसरी जवळजवळ काळी. ओळखायचं ते बारीक, पुढे काढलेल्या डोक्यावरून, लांब शेपटीवरून आणि घसरताना सपाट किंवा किंचित खाली झुकलेल्या पंखांवरून. बझर्ड हा तसाच दिसणारा दुसरा शिकारी पक्षी, तो पंख जरा वर उचलून धरतो. एवढ्या लांबून पिसं दिसतच नाहीत, दिसते ती पंखांची ठेवण आणि उडण्याची लय.

१ सप्टेंबर, पाऊस

सकाळी खिडकी उघडली तर समोरचा डोंगर नाही, समुद्र नाही. बातुमीला वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. मागच्या म्तिराला डोंगरावर त्याच्या जवळजवळ दुप्पट. रत्नागिरी-आंबोलीचा पाऊस आठवावा असा, फक्त थंड. हा सगळा प्रदेश कोल्खिक वर्षावनांचा. २०२१ साली ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली.

पाऊस असला तरी ठाण्यावर माणूस असतो. शून्य हीसुद्धा नोंद आहे. “कोणी बसलंच नाही” आणि “बसलो, काही गेलं नाही” या दोन गोष्टी कागदावर वेगळ्या दिसल्या पाहिजेत, हे संयोजकांनी इतक्या गंभीरपणे सांगितलं की बहीणसुद्धा मान हलवत राहिली.

छपराखाली चहा आणि गप्पा. बोलता बोलता विषय हॉक माउंटनवर गेला. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातला हा कडा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शरदात तिथं लोक बंदुका घेऊन बसत आणि जाणारे ससाणे, बाज हौसेखातर पाडत. १९३४ साली रोझली एज या बाईंनी ती जमीनच भाडेपट्ट्याने घेतली, रखवालीला मॉरिस ब्राउन आणि त्यांच्या पत्नी इर्मा यांना बसवलं. गोळीबार थांबला. ब्राउन रोज जाणारे पक्षी मोजत बसले आणि ती मोजणी महायुद्धाचा खंड सोडला तर आजही चालू आहे. पुढे डीडीटी या कीटकनाशकावर लिहिताना अमेरिकी लेखिका रेचेल कार्सन यांना याच वह्या कामी आल्या. १९३० च्या दशकाअखेर त्या कड्यावरून जाणाऱ्या बाल्ड ईगलमध्ये पिल्लांचा वाटा मोठा होता. पन्नाशीच्या दशकात तो अगदी घटला. मोठे गरुड दिसत होते, म्हणजे गरुड आहेत असं कुणालाही वाटलं असतं. मोजणाऱ्यांनी वय वेगळं लिहिलं होतं म्हणून कळलं की पिल्लंच होत नाहीत.

मला आपली गिधाडं आठवली. भरतपूरच्या केवलादेव अभयारण्यात पक्षीशास्त्रज्ञ विभू प्रकाश यांच्याकडे ऐंशीच्या दशकातल्या नोंदी होत्या. नव्वदीत गिधाडं कमी दिसू लागली तेव्हा ‘कमी दिसतात’ एवढ्यावर न थांबता किती कमी, हे मांडता आलं. त्यातून शोध सुरू झाला, गुरांना देण्याच्या डायक्लोफिनॅकपर्यंत पोचला आणि २००६ मध्ये भारताने त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. महाराष्ट्रात गावोगावच्या ढोरफोडीच्या जागांवर गिधाडं बसत. त्यांच्या किती वह्या आपल्याकडे आहेत? हा प्रश्न मला त्या छपराखाली फार टोचला आणि अजून टोचतो.

दुपारी थोडं उघडल्यावर खाली चाक्वीपर्यंत चालत गेलो. एकेकाळी इथं चहाचे मोठे मळे होते. आता उतारांवर मधूनमधून रान झालेली झुडपं आहेत.

२ सप्टेंबर

पहाटे पाऊस थांबला होता. उत्तरेकडून ढग फाटत चालले होते, पूर्वेचे उंच डोंगर मात्र अजून झाकलेले. संयोजक मुलगी न्याहारी अर्धी टाकून निघाली. कालच्या पावसात डोंगरांमागे अडकून बसलेले पक्षी आता एकदम सुटणार, आणि पूर्वेला ढग असल्यामुळे किनाऱ्याच्या बाजूने, म्हणजे आमच्याच डोक्यावरून जाणार, असा तिचा हिशेब.

पहिले तास शांत होते. भोवत्ये आले. ते थर्मलवर तितके अवलंबून नसतात, पंख मारत खालून जातात. नर असला तर माँटेग्यूचा की फिकट, हे ओळखता येतं. माद्या आणि पिल्लं लांबून सारखीच. मोजणाऱ्यांच्या बोलीत त्यांना एकच नाव, माँटेग्यू आणि पॅलिड (फिकट) जोडून केलेलं ‘मॉनपॅल’. जात नक्की नसेल तर अंदाजाने एकीकडे ढकलायचं नाही, मॉनपॅल म्हणून लिहायचं. यादीत अशी बरीच खाती आहेत: मोठा गरुड, मध्यम शिकारी पक्षी, ओळख न पटलेला. ही खाती रिकामी ठेवणाऱ्या मोजणीवर माझा आता विश्वास बसणार नाही. सगळेच पक्षी ओळखले गेले असतील, तर काही नक्कीच चुकीचे ओळखले गेले असणार.

साडेदहाच्या सुमाराला उत्तरेच्या टेकडीमागून पहिला मोठा थवा वर चढला. थर्मलमध्ये गोल फिरणारे शेकडो पक्षी, काही आमच्याकडे येताना, काही पलीकडे जाताना, एकमेकांना झाकत. माझ्या अंगठ्याने आपोआप क्लिकर दाबायला सुरुवात केली.

“आत्ता नको,” शेजारचा स्पॅनिश मुलगा दुर्बीण न हलवता म्हणाला. “फिरू देत.”

घिरट्या घेणारा थवा मोजायचा नसतो, कारण तो मोजताच येत नाही. एकच पक्षी दर काही सेकंदांनी पुन्हा समोर येतो. वाट बघायची. थव्याच्या माथ्यावरचे पक्षी उंची पुरली की दक्षिणेकडे वळतात आणि पंख स्थिर करून एकामागे एक घसरू लागतात. गोळ्याची ओळ होते. ओळ मोजता येते. दुर्बीण एका ठरलेल्या जागी, ढगाच्या कडेवर किंवा कड्यावरच्या झाडावर, स्थिर धरायची आणि त्या जागेवरून जाणारा प्रत्येक पक्षी दाबायचा. डोळा पक्ष्याबरोबर न्यायचा नाही. नेला की मागचे सुटतात.

ओळ विरळ असली तर एकेक. दाट झाली की पाच-पाच. त्याहून दाट झाली की दहाचा एक घास डोळ्यात बसवायचा. आधी दहा पक्षी नीट मोजून घ्यायचे, आकाशात ते केवढी जागा घेतात ते पाहायचं आणि तेवढाच तुकडा पुढच्या ओळीवर ठेवत जायचं. बसलेल्या बदकांवर आम्ही हेच करतो. फरक असा, की उडत्या ओळीची घनता क्षणोक्षणी बदलते. सुरुवातीचे दहा जेवढ्या जागेत होते तेवढ्यात मधले वीस असतात. म्हणून दर थोड्या वेळाने घास पुन्हा तपासायचा. माणसाचा डोळा मोठा थवा नेहमी कमी धरतो. शंभर बऱ्यापैकी जमतात, हजार म्हणताना खरे पुष्कळ जास्त असतात. सराव नसलेल्या माणसाचा आकडा पाहून तिथल्या जुन्या मंडळींना त्याचा सराव किती ते कळतं.

अकरा ते दोन या वेळात जे झालं ते मी यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं. एक ओळ संपत नाही तोवर मागे दुसरा थवा चढत होता, त्याच्या पश्चिमेला तिसरा, समुद्राच्या काठावर चौथा. ढग पांढरे होते आणि प्रत्येक पक्षी त्यांवर स्वच्छ दिसत होता. मंचावर कामाची वाटणी झाली. दोघांनी फक्त मोहोळघारी घ्यायच्या, एकाने पूर्व, एकाने पश्चिम. तिसऱ्याने त्यांच्यातून जाणारं बाकी सगळं वेचायचं: दुबेळक्या शेपटीच्या आपल्या नेहमीच्या घारी, सापमार गरुड, बूटेड ईगल, काळे करकोचे. चौथा टॅबलेटवर. मोजणाऱ्याने “दोनशे चाळीस, मोहोळघार, पूर्व दोन” म्हणायचं, लिहिणाऱ्याने तेच परत उच्चारायचं, क्लिकर शून्यावर. ओळ चालू असताना मोजणाऱ्याशी कुणी बोलायचं नाही. पाहायला आलेले आम्ही दहा-बारा जण गवतावर अगदी गप्प बसलो होतो. बहिणीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तिनं नुसता माझा हात धरला.

मध्येच एक लांब ओळ अर्धी मोजून होईतो ढगात शिरली. मुलाने आकडा सांगितला तो ढगात शिरेपर्यंतचाच. मागून आणखी शेकडो गेले असणार हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. तो म्हणाला, “गेले असतील. मी पाहिले नाहीत.” थोड्या वेळाने दोघांनी नकळत एकच ओळ घेतली आणि आकडे वेगळे आले. सरासरी काढली नाही. ज्याने ओळ पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली होती, त्याचा आकडा धरला.

जवळून जाणाऱ्या पक्ष्यांवर एक जण वेगळी नोंद ठेवत होता: प्रौढ नर, प्रौढ मादी, पिल्लू. सगळ्यांचं वय लिहिणं अशक्य, पण जवळच्या काहीशेंचं नीट लिहिलं तर प्रमाण कळतं. आज जवळजवळ सगळे प्रौढ होते. मोहोळघारीची पिल्लं मागाहून, सप्टेंबर सरत जातो तशी निघतात, आईबापांशिवाय. त्यामुळे नुसत्या बेरजेत प्रौढ आणि पिल्लं एकत्र केली तर एका वर्षी पिल्लं भरपूर झाली म्हणून पक्षी वाढल्याचा भास होईल. प्रौढांची संख्या वर्षानुवर्षं काय सांगते ते वेगळं, पिल्लांची काय सांगते ते वेगळं. हॉक माउंटनच्या वह्यांनी शिकवलेलं इथं रोज पाळलं जातं.

तीनच्या पुढे स्कोपवर बसलेली मुलगी ओरडली. तिनं मला बोलावून घेतलं, कारण काल मी आपल्या मोहोळघारीबद्दल बोलले होते. ओळीतला एक पक्षी जरा मोठा, जड. पंखाच्या टोकाला उघडलेली बोटं मी मोजली, सहा. युरोपीय मोहोळघारीला पाच दिसतात. नाशिकच्या गंगापूर धरणाच्या वाटेवर दिसणारी मोहोळघार, पूर्वेकडची जात, सायबेरियाकडून पश्चिमेला भरकटलेली. दर हंगामात अशा काही इथून जातात. हजारोंच्या ओळीतून एक वेगळी बोटं मोजून वेचता येते, हे पाहिलं आणि दहा लाखांच्या आकड्यावर माझा जो काही अविश्वास शिल्लक होता तो गेला.

संध्याकाळी बेरीज झाली तेव्हा दिवस पाच आकड्यांत बराच आत होता. संयोजक म्हणाली, चांगला दिवस. सर्वांत मोठा नव्हे. इथं एका दिवसात लाखाच्या पुढे गेलेले दिवस नोंदलेले आहेत, आणि ते दिवस साधारण याच आठवड्यातले.

३ सप्टेंबर, शुआम्ता

आज दुसऱ्या ठाण्यावर. रस्ता वाईट, जीप करावी लागते. बातुमीत वैद्यकीय शिकणारी बरीच भारतीय मुलं आहेत. लातूरकडचा एक मुलगा काल किनाऱ्यावर भेटला, आमचं मराठी ऐकून थांबला. “ताई, डोंगरात काय बघायला चाललाय?” सांगितलं तर म्हणाला, “मी पण येऊ का? दोन वर्षं झाली इथं, वर कधी बघितलंच नाही.” आला. दिवसभर मान वर करून बसला आणि संध्याकाळपर्यंत घार आणि मोहोळघार वेगळी करू लागला.

शुआम्ता जास्त उंच, डोंगरांच्या कुशीत. ढग नसले की प्रवाह इकडे सरकतो, ढग दाटले की किनाऱ्याकडे. एकच ठाणं ठेवलं असतं तर एखाद्या कोरड्या वर्षी पक्षी घटल्यासारखे दिसले असते. घटले नसते, फक्त पाच-सहा किलोमीटर पूर्वेने गेले असते.

अकरा वाजता पलीकडच्या धारेवर बार झाला. मग दोन. संयोजकाने वेळ लिहून घेतली. गोळ्यांचे आवाज, जखमी होऊन जाणारे पक्षी, पंखात भोक पडलेले पक्षी, सगळं नोंदीत जातं. अजाराच्या डोंगरांत शिकारी पक्षी मारायची जुनी सवय आहे, काही खाण्यासाठी, काही नेम धरायला. कायद्याने बंदी आहे. धारेवर कोण होतं ते दिसलं नाही. लातूरचा मुलगा बराच वेळ काही बोलला नाही.

इथली दुसरी परंपरा वेगळी. खालच्या वस्तीत एका म्हाताऱ्या शिकाऱ्याला भेटलो. हे लोक शरदात जाणारा स्पॅरोहॉक हा छोटा शिकारी पक्षी जाळ्यात धरतात, आमिषाला खाटीक पक्षी बांधतात, काही दिवसांत माणसाळवतात, त्याच्याकडून लावे धरतात आणि हंगाम संपला की सोडून देतात. त्याच्या मुठीवरची मादी पिवळ्या डोळ्यांनी आमच्याकडे बघत होती. मला हे आवडलं असं म्हणणार नाही. आमिषाचा खाटीक बघवला नाही. पण पक्ष्याची नस न नस जाणणारा तो माणूस आणि धारेवरचा बंदूकवाला यांना एका मापाने मोजणं चुकीचं होईल, आणि मोजणी करणाऱ्या मंडळींनीही ते केलेलं नाही. त्यांनी गावात पाहुणे आणले, घरोघर खोल्या भाड्याने जाऊ लागल्या, शाळांत जाऊन मुलांना दुर्बिणी दिल्या. आमच्या आजींच्या घरातली पाहुण्यांची खोली त्याच पैशांतून उभी राहिली आहे.

नागालँडमध्ये दोयांग जलाशयाजवळ हेच घडलं. २०१२ च्या शरदात तिथं अमूर ससाणे जाळी लावून हजारोंनी मारले जात असल्याचं उघड झालं. पुढच्याच वर्षी पांगटी आणि आसपासच्या गावांनी ते थांबवलं. तेच ससाणे नोव्हेंबरच्या सुमारास आपल्या लोणावळ्याच्या पठारांवर थांबून चतुर खातात, मग अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेला जातात. लोणावळ्यात ते दिसतात, त्याचं श्रेय काही अंशी नागालँडमधल्या त्या गावांना आहे.

४ सप्टेंबर, चोरोखीचं मुख

बातुमीच्या दक्षिणेला चोरोखी नदी समुद्राला मिळते. सकाळ तिथं घालवली. दगडगोटे, वेत, पाणथळ, वर वेड्या राघूंचे (बी-ईटर) थवे आणि दोन-तीन नीलपंख. भोवत्ये अगदी खालून गेले. एका नर माँटेग्यूच्या पंखावरची काळी रेघ नुसत्या डोळ्यांनी दिसली. हेच भोवत्ये हिवाळ्यात सोलापूरच्या माळांवर आणि गुजरातेत वेळावदरला रात्री गवतात एकत्र उतरतात, अर्थात आपल्याकडे येणारे बहुतेक आणखी पूर्वेकडचे. तिथली मोजणी संध्याकाळी, माळावर उतरताना करतात. ती आणखी वेगळी कला आहे.

रात्री साखाल्वाशोत नोंदी तपासायचं काम चालू होतं. दोन टॅबलेट शेजारी, दुबार खुणा एकेक करून सोडवल्या जात होत्या. एका नोंदीवर अर्धा तास चर्चा झाली: साठ मोहोळघारी, तीन मिनिटांच्या फरकाने दोन्हीकडे लिहिलेल्या, वेगवेगळ्या पट्ट्यांत. शेवटी एकीकडच्या साठ काढून टाकल्या. हजारोंच्या दिवसात साठांनी काय होतं, असं बहिणीने विचारलं. संयोजक म्हणाली, “आज काही होत नाही. पण आज सोडल्या तर उद्या सहाशे सोडायला काय हरकत?” मग नोंदी जगासाठी खुल्या झाल्या. ट्रेकटेलनवर कुणीही, नाशिकमध्ये बसूनसुद्धा, आदल्या दिवशीचा तासवार आकडा पाहू शकतं.

५ सप्टेंबर

निघायचा दिवस. सकाळचा एक तास ठाण्यावर मिळाला, मोठी ओळ एकही नाही.

कुणाला जायचं असेल तर: मोहोळघारींचा पूर ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, घारी सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, स्टेप बझर्ड आणि गरुड सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. रेनकोट, टोपी आणि मान टेकायला काहीतरी न्या. राहायचं गावातच, शहरातल्या उंच हॉटेलांत नाही, त्याची कारणं वर आली आहेत. मोजणारा म्हणून जायचं असेल तर किमान दोन आठवडे द्यावे लागतात आणि आधी अर्ज करावा लागतो. पहिले दिवस जुन्या माणसाशेजारी बसून तोच थवा मोजायचा, मग आकडे ताडून पाहायचे. क्लिकर घरीच घेऊन सराव सुरू करता येतो. संध्याकाळी झाडांवर उतरणाऱ्या साळुंक्या, बगळ्यांच्या ओळी, काहीही चालेल, फक्त जागा एक धरा आणि डोळा हलवू नका.

नांदूरमध्यमेश्वरच्या आमच्या गटाला मी विमानतळावरूनच लिहिलं आहे. येत्या जानेवारीच्या तक्त्यात दृष्टीच्या पल्ल्याचा रकाना हवा, आणि ‘ओळख न पटलेली बदकं’ हा रकाना सगळ्यात वर हवा.